नाबोथाचा मळा आणि अहाबाचा उपास

आजचं वाचन: १ राजे २१ (पूर्ण अध्याय). वेळ असेल तर २ राजे ९:२१-२६ आणि लूक १९:१-१० सुद्धा.



नाबोथाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी संडेस्कूलमध्ये ऐकली आहे. लोभी राजा, कपटी राणी, बिचारा नाबोथ, आणि शेवटी एलीया येऊन राजाला चांगलं सुनावतो. तिथं टीचर गोष्ट संपवायच्या आणि आपण घरी पळायचो. अध्याय मात्र तिथं संपत नाही. शेवटची तीन वचनं, २७ ते २९, राहूनच जातात. त्यात अहाब कपडे फाडतो, अंगावर गोणपाट घेतो, उपास करतो, दबकत दबकत वावरतो. आणि परमेश्वर एलीयाला सांगतो की अहाब नम्र झाला आहे, म्हणून ते अरिष्ट आता त्याच्या हयातीत येणार नाही, त्याच्या मुलाच्या काळात येईल.

खरं सांगायचं तर हे वाचून आधी रागच येतो. माणूस दगडांनी मारला गेलाय, त्याची जमीन गेलीय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्याला मुदतवाढ? तीही दोन दिवस उपास केला म्हणून? हा राग दाबून टाकू नका. आज त्याच रागासोबत अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचूया.

पहिली गोष्ट, नाबोथ गरीब होता असं शास्त्र कुठंही म्हणत नाही. इज्रेलात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. आणि राजाची ऑफरही वाईट नव्हती: याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या भूसंपादनात एवढं मिळालं तर लोक पेढे वाटतील. नाबोथ नाही म्हणाला, कारण जमीन वडिलोपार्जित वतन होती. लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वराने स्पष्ट सांगितलं होतं की जमीन त्याची आहे, इस्राएली लोक तिच्यावर राहणारे उपरे आहेत, ती कायमची विकायची नाही. म्हणजे नाबोथाकडे राजाला नाही म्हणायचा हक्क होता आणि तो हक्क राजाच्याही वरून आला होता. अहाबाला हे माहीत होतं. म्हणूनच तो चिडून भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवला नाही. तलवार काढून मळा घेतला नाही.

मळा कसा घेतला ते बघा. ईजबेलीने पत्रं लिहिली. राजाच्या नावाने लिहिली, राजाचा शिक्का मारला. नाबोथाच्याच गावातल्या वडीलजनांना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. उपास जाहीर करायला सांगितलं. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून दोन माणसं बसवली. आरोप देवनिंदेचा आणि राजनिंदेचा. गावाबाहेर नेऊन दगडमार केला, तोही नियमाप्रमाणे. मग निरोप गेला की काम झालं. आणि अहाब उठून मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

या सगळ्यात कागद कुठंच अपुरा नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बँकेच्या सिस्टीममध्ये एक मेकर आणि एक चेकर असतो. एकाने एंट्री टाकायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. एकट्या माणसाला चोरी करता येऊ नये म्हणून ही सोय. पण मेकर आणि चेकर एकाच ताटात जेवत असतील तर सिस्टीमला काहीही कळत नाही. सगळे टिक हिरवे दिसतात, लॉगमध्ये वेळ, युजर आयडी, सगळं बरोबर. इज्रेलात नेमकं हेच झालं. दोन साक्षीदारांचा नियम देवाने निरपराध माणसाला वाचवण्यासाठी दिला होता, आणि त्याच नियमाने निरपराध माणूस मेला.

आणि त्या वडीलजनांचं काय? त्यांची नावं शास्त्रात नाहीत. ईजबेलीने एकही दगड उचलला नाही, अहाबाने तर एक ओळही लिहिली नाही. उचलले ते गावातल्या लोकांनी, ज्यांनी नाबोथाला लहानपणापासून पाहिलं असेल. एकाने पत्र वाचलं, एकाने दवंडी दिली, एकाने बसायची व्यवस्था केली. प्रत्येकाने आपापल्यापुरती सही केली. भ्रष्ट नेता म्हटलं की आपण लगेच वर बघतो, मुंबईकडे, दिल्लीकडे. हा अध्याय मात्र अर्धाअधिक गावच्या सज्जन माणसांबद्दल आहे.

आम्हा नगरकरांना हा अध्याय नुसता जुन्या काळचा म्हणून वाचताच येत नाही. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक १९१० सालची. तीन-तीन पिढ्यांची खाती एकाच बँकेत, अशी घरं नगरमध्ये कमी नाहीत. ६ डिसेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि दहा हजार रुपयांच्या वर पैसे काढता येईनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवानाच रद्द झाला. बँकेकडे पुरेसं भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही, आणि आहे त्या स्थितीत ठेवीदारांचे पूर्ण पैसे ती देऊ शकणार नाही, अशी कारणं दिली गेली. कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराबद्दल गुन्हे दाखल झाले, फॉरेन्सिक ऑडिट झालं, अटका झाल्या. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, म्हणून मी इथं नावं घेत नाही. पण सहकारी बँकेत कर्ज मंजूर होतं तेव्हा अर्ज असतो, तारणाचं मूल्यांकन असतं, शिफारस असते, संचालकांची बैठक असते, ठराव असतो, ऑडिट असतं. एवढ्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी बसलेलं असतं. इज्रेलचे वडीलजन.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेने असंही सांगितलं होतं की ठेव विम्याची मर्यादा पाच लाख असल्याने सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम मिळू शकेल. आकडा चांगला आहे. डॅशबोर्डवर टाकला तर हिरवाच दिसेल. आणि विमा आहे हे खरोखर मोठं संरक्षण आहे, ते मी कमी लेखत नाही. पण उरलेल्या पाच टक्क्यांत कोण येतं याचा विचार करा. निवृत्तीची सगळी रक्कम एका जागी ठेवणारा माणूस. शेत विकून आलेले पैसे मुलीच्या लग्नापर्यंत ठेवलेलं घर. पाच लाखांच्या वरचं जे आहे ते अवसायकाने थकीत कर्जं वसूल केली तर आणि तेव्हा. लूक १५ मधला मेंढपाळ ९९ टक्के मेंढरं सुरक्षित असल्याचा रिपोर्ट देऊन घरी का गेला नाही, हे मला अशा वेळी जास्त कळतं.

आता त्या शेवटच्या तीन वचनांकडे येऊ.

या अध्यायात दोन उपास आहेत. पहिला नवव्या वचनात, ईजबेलीच्या पत्रातला. सगळं गाव उपाशी, सगळं गाव प्रार्थनेला जमलेलं, आणि हेतू एकच, खुनाला धार्मिक रूप द्यायचं. दुसरा उपास २७ व्या वचनात, अहाबाचा. पहिला सार्वजनिक, व्यवस्थित, आणि देवाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसरा एका घाबरलेल्या, मोडलेल्या, अत्यंत वाईट माणसाचा, आणि देवाने तो पाहिला. अहाबाइतका वाईट कोणीच नव्हता असं २५ वं वचन सांगतं, आणि चारच वचनांनंतर देवाची दया त्याच्यापर्यंत पोचते. आपल्याला आवडो न आवडो, आपला देव असा आहे. आणि तो असा आहे म्हणूनच तुम्ही-मी आज हे वाचत बसलो आहोत.

पण दयेने काय केलं आणि काय केलं नाही, हे नीट बघा. दयेने अरिष्टाची तारीख पुढं ढकलली. नाबोथ निर्दोष होता की नाही, हा प्रश्न तिने पुन्हा उघडला नाही. एलीयाने मळ्यात उभं राहून जे सुनावलं, खून आणि वर ताबा, ते मागे घेतलं गेलं नाही. मळा परत दिल्याचंही कुठं लिहिलेलं नाही. मला वाटतं अहाबाचा पश्चात्ताप इथंच अडला. त्याने गोणपाट घेतलं, पण सातबारा आपल्याच नावावर ठेवला. मोडलेलं मन देवाने नाकारलं नाही, पण मळ्याचा हिशोब उघडाच राहिला.

तो कुठं पुढं येतो ते २ राजे ९ मध्ये वाचा. कितीतरी वर्षं गेली आहेत. अहाब मेला, त्याचा मुलगा योराम गादीवर आहे. येहू त्याला मारतो आणि प्रेत नाबोथाच्या शेतात टाकायला सांगतो. तिथं, २६ व्या वचनात, एक गोष्ट पहिल्यांदा कळते: नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. म्हणजे वारस उरू नये याची काळजी घेतली होती. २१ व्या अध्यायात हे आलंच नव्हतं. गावाने ती मुलं विसरून टाकली असतील. देवाच्या नोंदीत ती होती. (येहूला आपण हिरो करू नये. इज्रेलातल्या रक्तपाताबद्दल होशेय १:४ मध्ये त्याच्याच घराण्याला जाब विचारला आहे. न्यायाच्या नावाखाली हात धुऊन घेणाऱ्यांचंही ऑडिट होतं.)

हे सगळं मी का लिहितोय, तर आपल्या मंडळ्यांमध्ये एक सवय आहे. ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची आयुष्यभराची बचत एका पतसंस्थेत अडकली. प्रार्थनासभेत त्यांनी त्यासाठी प्रार्थना मागितली, तेव्हा एक भाऊ म्हणाले, "बाई, आता सोडून द्या. क्षमा करा त्यांना. प्रभू पाहून घेईल." म्हणणारा माणूस वाईट नव्हता, मनापासूनच बोलला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही.

यात काय चुकलं? क्षमेची शिकवण चुकीची नाही. पण त्या भावांचा एक रुपयाही गेला नव्हता. दुसऱ्याच्या मळ्याची क्षमा आपण किती सहज वाटतो! आणि ज्याने पैसे नेले त्याने क्षमा मागितलेलीसुद्धा नव्हती. पश्चात्ताप कोणाकडून, क्षमा कोणाला, नुकसान कोणाचं, सगळं एका वाक्यात गुंडाळून आपण ते एका म्हाताऱ्या बाईच्या ओटीत घातलं आणि वर आमेन म्हटलं.

गणना ५:६-७ वाचा. कोणी दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याने पाप कबूल करायचं, पूर्ण भरपाई द्यायची, आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. जक्कय हे सगळं कोळून प्यायलेला असावा. तो यरीहोतला मुख्य जकातदार, म्हणजे एकटा लाच खाणारा कारकून नव्हे, अख्ख्या साखळीचा वरचा माणूस. येशूने त्याच्यापुढं आधी वसुलीची अट ठेवली नाही. आधी त्याच्या घरी गेला. दया आधी आली, आणि गावाने कुरकुर केली, अगदी आपल्यासारखीच. पण दया घरात शिरल्यावर जक्कय स्वतःहून उभा राहिला आणि आकडे बोलू लागला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. तारण त्या घराला आलं हे येशूने त्यानंतर सांगितलं. अहाबाचं गोणपाट आणि जक्कयाची चौपट यांच्यात मला हाच फरक दिसतो. एकाने अंगावरचे कपडे बदलले, दुसऱ्याने खातेवही उघडली.

म्हणून कोणी नेता, संचालक, अधिकारी, नाहीतर चर्च कमिटीचा सदस्य "माझं चुकलं, प्रभूने मला क्षमा केली" अशी साक्ष द्यायला उभा राहिला, तर टाळ्या वाजवायला हरकत नाही. स्वर्गातही आनंद होतो. फक्त नंतर चहा घेताना प्रेमाने विचारावं, "आणि त्यांचे पैसे?"

आता मुख्य गोष्ट. दोन खोटे साक्षीदार. देवनिंदेचा आरोप, सोबत राजाविरुद्धचा आरोप. धार्मिक पुढाऱ्यांची रीतसर बैठक. शिक्षा नगराच्या वेशीबाहेर. नाबोथाबद्दल बोलतोय ना मी? मत्तय २६:६० आणि इब्री १३:१२ उघडून पाहा. प्रभू येशू नाबोथाच्या जागी उभा राहिला. आणि त्या जागेवरून, खिळे ठोकलेले असताना, त्याने मारणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागितली. म्हणूनच ख्रिस्ताने दिलेली क्षमा स्वस्त नाही. ती वडीलजनांच्या बाकावरून आलेली नाही, ज्याचं सगळं नेलं त्याच्याकडून आली आहे. ती देण्याचा हक्क त्याला आहे. बाईंना कधी क्षमा करावीशी वाटली तर ती त्यांच्याकडून येऊ दे, त्यांच्या वेळेला, ख्रिस्ताच्या मदतीने. तोपर्यंत आपण त्यांच्या बाजूला बसावं.

पहिले प्रश्न मला माहीत आहेत. "रोम १३ चं काय? अधिकाऱ्यांच्या अधीन राहायचं ना?" आणि त्यामागचा खरा प्रश्न: "आपण मूठभर लोक, कशाला भानगडीत पडायचं?" भीती खोटी नाही, मलाही वाटते. पण अधिकारी देवाचा सेवक आहे असं पौल म्हणतो, त्याचा अर्थ त्याला मालक आहे असाही होतो, आणि सेवकाचा हिशोब मालक घेतो. इथं केडगावचंच एक उदाहरण द्यावंसं वाटतं. मी केडगावचा म्हटलं की बाहेरगावचे विश्वासणारे हमखास विचारतात, "म्हणजे रमाबाईंच्या मुक्तीचं?" तर नाही. ते केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे जिल्ह्यातलं. आमचं नगरचं, महापालिकेतलं, पुणे रस्त्यावरचं. पण नाव एक असल्याने मी थोडा हक्क सांगतो. पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला अनाथ मुली, १९०५ चं जागरण आणि त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर आठवतं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत मुली-बायकांचे जे हाल होत होते, त्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं होतं, हे आपण सांगत नाही. गव्हर्नर ख्रिस्ती, सरकार ख्रिस्ती म्हणवणारं, आणि त्यांच्या संस्थेला मदत मोठ्या प्रमाणात बाहेरच्या ख्रिस्ती लोकांकडूनच यायची. गप्प बसायला यापेक्षा चांगली कारणं काय असतात?

शेवटी आपल्या अंगणाबद्दल. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. तेव्हापासून आपल्या वाडवडिलांनी शाळा, दवाखाने, चर्च उभी केली. महाराष्ट्रभर मिशनच्या जागांवरून, ट्रस्टच्या कारभारावरून कोर्टात काय काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. पालिकेच्या भ्रष्टाचारावर स्टेटस ठेवणारी आपली तरुण मंडळी चर्चच्या वार्षिक सभेला जमाखर्च वाचला जातो तेव्हा मोबाईल बघत असते. १ शमुवेल १२ मध्ये म्हातारा शमुवेल सगळ्या लोकांपुढं उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच घेतली, सांगा, मी परत करतो. सोशल ऑडिट म्हणजे दुसरं काय? आणि तेही ज्याचे स्वतःचे मुलगे लाच खात होते (८:३) अशा बापाने केलं, हे विसरू नका. आपल्या जिल्ह्याला आता १७२५ साली चौंडीत जन्मलेल्या, न्यायी कारभारासाठी आठवल्या जाणाऱ्या अहिल्यादेवींचं नाव आहे. नाव बदललं, पाट्या बदलल्या. हिशोब विचारायची सवय पाटीवरून येत नाही. ती कमिटीच्या मीटिंगमध्ये, कंटाळा आलेला असताना, हात वर करून लावावी लागते.

या आठवड्यात एक काम करता येईल. तुमच्या मंडळीत, सोसायटीत, नात्यात असे ज्येष्ठ ठेवीदार असतील ज्यांचे पैसे कुठं तरी अडकले आहेत. त्यांना दावा अर्ज, केवायसी, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील, ऑनलाईन स्थिती यातलं अर्ध कळत नाही, आणि काउंटरवर कोणी समजावत नाही. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, रविवारची दुपार आहे. उपासनेनंतर एक तास त्यांच्याजवळ बसा. पावत्या बघा, झेरॉक्स काढा, तारखा लिहून ठेवा.

प्रार्थना:
हे परमेश्वरा, नाबोथाच्या मुलांची नोंद तुझ्याकडे होती. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक अडकलेल्या ठेवीची, प्रत्येक पावतीची नोंद तुझ्याकडे आहे. ज्यांनी नेलं त्यांना जक्कयासारखं उभं कर. जे न्यायाच्या खुर्चीवर बसले आहेत त्यांना निर्भय कर. जे थकले आहेत त्यांना आमच्या तोंडून उपदेश ऐकावा लागू नये, आमचा सहवास मिळावा. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: १ राजे २२:१-२८. चारशे संदेष्टे एका सुरात हो म्हणतात आणि एकटा मीखाया नाही म्हणतो. राजा पुन्हा अहाबच आहे.